हात आधी कोणी वर करायचा

मागच्या ग्रामसभेत हात वर करण्याआधी तुम्ही कोणाकडे पाहिलंत?

घाई करू नका, आठवून सांगा. ग्रामसेवकानं विषय वाचला, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा" म्हणाला, आणि तुमचा हात मांडीवरून उठायच्या आत तुमचे डोळे कुठेतरी जाऊन आले. भावकीतल्या थोरल्याकडे, शेजारच्या सतरंजीवर बसलेल्याकडे, नाहीतर खुर्चीत बसलेल्या एखाद्या आबांकडे. ग्रामसभेला जात नसाल तर सोसायटीची मीटिंग आठवा, शाळेतली पालकसभा आठवा. नजर गेलीच असेल. आमच्या गावात सगळ्यांची गेली, आणि त्या नजरेनं आमच्या मुलींची खोली घालवली.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, कळसच्या पुढे. पेरू, डाळिंब, कालव्याला पाणी असलं की भाजीपाला. गावाच्या कडेला आमची वस्ती, वस्तीत विहार. माझ्या आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला तेव्हा तिथं कुडाची घरं होती. आता स्लॅब आहेत, दारात मोटरसायकली आहेत, कोणी मास्तर आहे, कोणी नर्स आहे, कोणी बँकेत. गावाशी बोलणंचालणं चांगलं आहे. म्हणजे कोणीही बाहेरच्याला सांगताना "चांगलं हाय" असंच सांगतो.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांची थोडी पेरूची बाग आहे, पण त्यांचं खरं पीक म्हणजे पत्रकं. गुलाबी, पिवळ्या, स्वस्तातल्या कागदावर इंदापूरच्या एका छापखान्यातून छापून आणलेली, आठवडी बाजारात हातोहात वाटलेली. शिष्यवृत्ती रखडली, काढ पत्रक. हातपंप बंद पडला, काढ पत्रक. मी अक्षरं ओळखायला शिकले ती बालभारतीच्या पुस्तकातून नाही, पिठाच्या डब्याखाली आईनं अंथरलेल्या उरलेल्या पत्रकांवरून. मी स्वतःच्या स्वतः वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य होतं, "दुसरा उठेल म्हणून बसून राहू नका." त्यातलं जोडाक्षर अडलं तेव्हा अण्णांनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं होतं. ते बोट मी अजून विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं सगळं सांगणं मला इतकं जड जातंय.

पत्रक कसं लिहायचं हेही त्यांनीच शिकवलं. "वर प्रश्न टाकायचा, मदी खरं लिहायचं, आन खाली मागणी. मागणी न्हाय तर त्यो नुसता रडका कागद."

बारावीनंतर मी बारामतीला कॉलेजला गेले आणि मानसशास्त्र घेतलं. गावातलीच एक मुलगी माझ्याबरोबर होती. बागायतदाराच्या घरातली, माझ्याच वयाची. शाळेत आम्ही एका बाकावर नव्हतो. एसटीत मात्र एका सीटवर बसायला लागलो. सकाळची गाडी, खिडकीशी ती, कारण तिला गाडी लागायची. माझ्या डब्यातला ठेचा ती खायची आणि तिच्या डब्यातली पुरणपोळी मी. तिच्या आईला हे माहीत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. तीन वर्षं रोज जाऊन येऊन एवढं बोलणं झालं, की मला सख्खी बहीण नाही हे मी विसरून गेले.

सामाजिक मानसशास्त्र शिकवणारे आमचे सर खडूपेक्षा वस्तू जास्त वापरायचे. एके दिवशी ते कॉलेजसमोरच्या रसवंतीतून उसाची कांडी घेऊन आले. त्यातली तीन टेबलावर मांडली, क, ख आणि ग. चौथं हातात धरलं आणि विचारलं, "माझ्या हातातल्या कांड्याएवढं कोणतं?" आंधळ्यालाही सांगता आलं असतं, ख. पण पहिला मुलगा म्हणाला, ग. दुसरी म्हणाली, ग. रांग पुढे सरकत आली. माझ्या शेजारी बसलेली माझी मैत्रीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "ग." मग मी. मी उभी राहिले आणि म्हणाले, "ख."

सगळा वर्ग फुटला हसून. मी एसटीच्या पाससाठी डेपोत थांबले होते, तेवढ्या वेळात सरांनी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं.

"बघा, मी नव्हतो म्हणालो?" एक मुलगा मागून ओरडला. "सगळे म्हणाले तरी ही सरळ झाडाला वाकडं म्हणायची नाही!"

सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "ही ख म्हणाली, पण तिचा आवाज ऐकलात का? रोजचा तो आवाज नव्हता. किती बारीक झाला होता. हिच्या आधी एकच जण, फक्त एक जण जरी ख म्हणाला असता, तर तोच आवाज खणखणीत आला असता." मग त्यांनी समजावून सांगितलं की माणूस दोन कारणांनी घोळक्याच्या मागे जातो. कधी त्याला खरंच वाटतं की एवढ्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. कधी त्याला नीट माहीत असतं की घोळका चुकतोय, पण एकटं पडायचं नसतं. "आणि तिसरी गंमत सगळ्यात वाईट," सर म्हणाले. "कधीकधी घोळक्यातल्या प्रत्येकालाच खरं माहीत असतं. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच असं मानतो. सगळे गप्प, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प बसण्याला त्याचं मत समजतो." याला त्यांनी एक जड शब्द सांगितला, तो मी परीक्षेत लिहिला आणि विसरले. मग प्रयोगाचं साहित्य सगळ्यांनी मिळून खाल्लं.

एसटीत मी मैत्रिणीशी बोलले नाही. भिगवण रस्त्याला लागल्यावर तिनं मला कोपरानं ढोसलं.

"ए बाई, चिडलीस व्हय? सरांनी सांगितलं हुतं म्हणून म्हणले मी ग."

"मला एक डोळा मारला असतास तर?"

"डोळा मारला असता तर प्रयोग बोंबलला असता की!" ती इतकी हसली की मलाही हसावं लागलं.

बी.ए. झाल्यावर मी बारामतीतच, जळोचीत भाड्यानं खोली घेतली, शिकवण्या घ्यायला लागले, रात्री-बेरात्री लिहायला लागले. ती गावाकडून बारामतीला येऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत राहिली. मग तिच्या घरात कुरबुर सुरू झाली. रोजचं जाणं-येणं, यायला होणारा उशीर, आणि त्यावर गावात होणारं बोलणं. शेवटी तिच्या वडिलांनी सांगितलं, गावात अभ्यासाला जागा झाली तर अजून एक वर्ष थांबू. बारामती मात्र बंद. जागा नाही झाली तर स्थळं बघायला घेऊ.

ती माझ्या खोलीवर येऊन हे सांगत होती तेव्हा तिच्या मांडीवर पुस्तक उघडंच होतं. "एक वर्ष," ती म्हणाली. "मला एक वर्ष पायजे फकस्त. दे मिळवून."

जागा तर होती. ग्रामपंचायतीची नवी इमारत झाल्यापासून शाळेमागचं जुनं कार्यालय रिकामं पडलेलं. मोठी खोली, दोन खिडक्या, लाईट चालू. तिथं अभ्यासिका करायची, पहिला हक्क मुलींचा, गावातल्या आणि वस्तीतल्या सगळ्या मुलींनी एकत्र बसायचं. मी अर्ज दिला आणि विषय ग्रामसभेपुढे आला. अण्णांनी पत्रक काढलं. मजकूर मी लिहिला, त्यांनी दोन शब्द खोडले आणि म्हणाले, "झकास."

मग आम्ही दोघी घरोघर फिरलो. ती गावात ओळखीची आणि मी बोलायला धीट. कुठेच कोणी नाही म्हणालं नाही, हे मला आज सगळ्यात जास्त टोचतं. पेरू निवडत बसलेली एक काकू म्हणाली, "लई ब्येस हुईल. आमची पोरगी दिसभर मोबाईल घिऊन बसती, तितं गेली तर पुस्तक तरी धरंल." तिचा नवरा क्रेट उचलता उचलता थांबला. "माझं काय न्हाय वो, पण गाव ऐकायचं न्हाय."

पुढच्या घरी एक तात्या म्हणाले, "मी तर तुमच्या बाजूनं हाय. पण गाव..."

त्याच्या पुढच्या घरी, "आमच्या घरात सगळ्यांची हा हाय. गावाचं सांगता येत न्हाय."

माझं डोकं फिरलं. "गाव म्हणजे नेमकं कोण हो तात्या? मी सगळ्या घरी जाऊन आले, गाव कुठंच घरी नव्हतं!"

तात्या खो खो हसले, चहा पाजला, आणि पुन्हा म्हणाले, "ते खरं हाय पोरी, पण गाव ऐकायचं न्हाय."

मी आबांकडेही गेले. गावात कुठलं पद नसलं तरी ज्यांची खुर्ची सभेत आधी मांडली जाते ते आबा. त्यांनी पत्रक चष्मा लावून पूर्ण वाचलं. "पोरींनी शिकावं. का शिकू नाय? लोकांची इच्छा असंल तर माझी काय ना न्हाय."

लोक आबांकडे बघत होते, आबा लोकांकडे. सर, तुम्ही वर्गात सांगितलेलं माझ्यासमोर जसंच्या तसं मांडलेलं होतं आणि तरी मला दिसलं नाही, कारण मला वाटत होतं की आम्ही जिंकतोय.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली, सकाळी. आमच्याकडे कुठं कोण बसतं हे कोणी सांगत नाही, ठरलेलं आहे. समोर टेबल, त्याच्या बाजूला आबांची खुर्ची, तोंड लोकांकडे. सतरंजीवर गावातले पुरुष. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बायका. आणि सगळ्यांच्या मागे, कंपाऊंडच्या भिंतीला टेकून, आमची वस्ती. मी दर वेळी म्हणते पुढं बसा, आणि दर वेळी "हितं सावली हाय" असं उत्तर येतं. त्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "तू पुढं बस. अर्ज तुझा हाय." मी पुढे बसले. माझ्यामागे काय चाललंय हे मला दिसणार नव्हतं, आणि अण्णांना ते माहीत होतं.

मी बोलले, चांगलं बोलले. टाळ्याही वाजल्या. ग्रामसेवकानं विचारलं, "कोणाला काही हरकत?" कोणालाच नव्हती. "मग मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

मी हात वर केला.

शाळेच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती, तेवढाच आवाज. ग्रामसेवक माझ्या डोक्यावरून मागे बघत राहिला, मग डावीकडे, मग आबांकडे. मी मान वळवली. सतरंजीवरची माणसं आबांकडे बघत होती. पायऱ्यांवर पेरूवाली काकू पदर चाळवत मागच्या भिंतीकडे बघत होती. तिच्या शेजारी माझी मैत्रीण बसली होती, जिच्यासाठी ही खोली हवी होती, जिचं वर्ष या एका ठरावावर अडकलं होतं. तिचे दोन्ही हात मांडीवर, एकात एक घट्ट अडकवलेले. आणि भिंतीपाशी अण्णा. छापखान्याच्या शाईनं ज्यांची बोटं मी लहानपणापासून काळी पाहिली, त्यांची बोटं, तळवे, मनगटं, सगळं गुडघ्यावर पडलेलं.

"एक," ग्रामसेवक म्हणाला.

आबांनी घसा खाकरला. "लोकांची तेवढी इच्छा दिसत न्हाय. ऱ्हाऊ द्या सध्या. तहकूब."

हात खाली घ्यायचं मला सुचलं नाही. मागून कोणीतरी हसत म्हणालं, "अगं पोरी, सभा संपली, कुणाला टाटा करतीस?" आणि माणसं उठून पँटी झटकायला लागली.

आता ऐका. विहारापर्यंत पोचायच्या आत पाच-सहा जणांनी मला गाठलं. "आमी तुझ्याच बाजूनं हुतो बरं का." "झकास बोललीस." तात्या तर सायकल आडवी घालून म्हणाले, "मी हात वर काढणारच हुतो, पण कुणीच काढंना. मग म्हणलं कशाला." मला वाटलं होतं की गाव नाही म्हणालं. गाव तर माझ्यामागे सायकली घेऊन हो म्हणत येत होतं.

विहाराच्या पायरीवर वस्तीतली एक आत्या बसली होती. मी तिच्यावर ओरडले. "गावाचं सोड. तुम्ही? तुम्ही सगळे भिंतीला टेकून बसलात?"

ती गडबडली. "आमाला काय म्हणतीस? अण्णांनीच काल सांगितलं नव्हं, आधी कुणी हात काढू नका म्हणून."

घरी अण्णा चहा पीत होते. माझा चहा झाकून ठेवला होता. मी तो तसाच ठेवला.

"खरं आहे का?"

ते नाही म्हणाले नाहीत. खोटं ते कधीच बोलत नाहीत. फक्त या वेळी खरं मला सोडून सगळ्यांना सांगितलं होतं.

"ऐकून घे," ते म्हणाले. "वस्तीचा हात आधी वर गेला की ती वस्तीची मागणी हुती. मग गावाचा हात खाली ऱ्हातो. आपल्या रस्त्याच्या येळंला तसंच झालं, समाजमंदिराच्या येळंला तसंच झालं. मी बघितलंय. म्हणून म्हणलं, गावाला आधी करू द्या. त्यांचे हात दिसले की लगीच आपले काढू. ठराव पास झाला असता, कुणाला कळलं बी नसतं."

"आणि माझा हात? मी वस्तीची नाही?"

ते कपातला चहा फिरवत राहिले.

"तुझा हात वर जाणार हे मी धरूनच हुतो. तू कॉलेजची, बारामतीला ऱ्हातीस. पँट-कुर्ता घालून फिरतीस. मला वाटलं गाव तुला..." ते थांबले.

"वाटलं गाव मला आपली म्हणेल. वस्तीची नाही म्हणेल."

आई चुलीपाशी होती. तिनं भाकरी थापायची थांबवली.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस व्हय?"

नसते ऐकले. पण हे उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतं. ज्या माणसानं माझं बोट धरून "दुसरा उठेल म्हणून बसून राहू नका" वाचायला लावलं, त्यानं सगळ्या वस्तीला दुसरा उठायची वाट बघत बसवलं, आणि मला, पोटच्या पोरीला, पुढं एकटीला उभं केलं, कारण मी त्याच्या हिशेबात धरलेली होते. मी पिशवी भरली आणि दुपारच्या गाडीनं जळोचीला आले. आईनं भाकरी फडक्यात बांधून दिली. अण्णा दारात आले नाहीत.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेलच. जुन्या कार्यालयात आता मांडवाचे पाईप, गणपतीतलं डेकोरेशन आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची थप्पी आहे. मैत्रिणीच्या वडिलांनी शब्द पाळला. स्थळ बघितलं, मुलगा चांगला आहे म्हणतात, सुपारी फुटली.

गेल्या महिन्यात ती आली. नरसिंहपूरला त्यांच्या कुलदैवतापुढे पहिली पत्रिका ठेवली, आणि मग सगळी मंडळी बस्ता बांधायला बारामतीत आली. बायका साड्यांच्या दुकानात बसलेल्या, आणि ही "पिको करून येते" असं सांगून जळोचीला, माझ्या दारात. हातात पत्रिका. तिच्यावर हळदीकुंकवाचं बोट.

मी आत ये म्हणाले नाही. ती आली. सवयीनं खिडकीशी बसली.

"अजून राग हाय?"

"तुझी खोली होती. तुझी. मला अभ्यासाला काय, ही खोली आहे."

"मला म्हाईत हाय."

"मग हात का नाही वर केलास?"

ती पत्रिकेची कड दुमडत राहिली. "आई शेजारी हुती. आई म्हणली, थांब, वस्तीतल्या लोकांनी काढू दे, त्यांच्यातल्या पोरीचा अर्ज हाय. मी मागं बघितलं. तुझ्या अण्णांनीच हात काढला नव्हता. मला वाटलं, तुमच्यातच ठरलंय काहीतरी, नको म्हणून. मग मी कशी काढू? माझाच एकटीचा दिसला असता."

"माझा एकटीचाच दिसला की."

"तुझं येगळं हाय. तुला सवय हाय."

हे ऐकून माझ्या अंगाचा जाळ झाला. मी म्हणाले, वर्गात तू ग म्हणालीस तेव्हा सरांनी सांगितलेलं होतं. या वेळी तुला कोणी सांगितलं होतं?

ती खिडकीबाहेर बघायला लागली. खाली भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मग म्हणाली, "कुणीच न्हाय. तेच तर. वर्गात निदान सर तरी हुते."

पुस्तक मला सांगतं की तिच्यावर रागावू नकोस. आपण दुसऱ्याच्या वागण्याचं खापर त्याच्या स्वभावावर फोडतो, ती भित्री, तो डरपोक, आणि स्वतः तसंच वागलो की परिस्थिती पुढे करतो. मला हे पाठ आहे. अण्णांनाही मी पुस्तकातून समजून घेऊ शकते. ज्याला आयुष्यभर 'तुमची मागणी' आणि 'गावाची मागणी' अशा दोन तराजूंत तोललं गेलं, तो हात वर करण्याआधी तराजू बघणारच. सगळं समजतं. पण पुस्तकात एक मोठी सोय आहे, तिथं आरोपी कोणीच नसतो. सगळ्यांना आपापलं कारण असतं आणि खोलीत मांडवाचे पाईप पडलेले असतात. मला ती सोय नको. तिनं मला फसवलं. अण्णांनी मला फसवलं. दोघांचं माझ्यावर प्रेम आहे आणि दोघांनी मला फसवलं, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

उठताना ती म्हणाली, "माझी धाकटी बहीण बारावीला हाय. तिला तरी मिळू दे ती खोली. लग्नाच्या आधी अजून एक ग्रामसभा हाय. मी येणार हाय."

"येऊन काय करणार?"

"हात वर करीन."

"आधी की मागून?"

ती चप्पल घालत होती. पत्रिका खिडकीत ठेवून गेली. ती अजून तिथंच आहे. लग्नाला जायचं की नाही, हे मी ठरवलेलं नाही. ते सभेनंतर ठरेल.

परवा अण्णांचा फोन आला, सभेनंतर पहिल्यांदाच. इकडचं तिकडचं काहीच बोलले नाहीत. "विषय परत लावलाय मी. अर्ज या टायमाला माझ्या सहीनं दिलाय. पत्रकाचा मजकूर तू लिहिशील का?"

मी म्हणाले, "वस्तीला सांगाल? या वेळी आधी आपले हात, सगळ्यात आधी?"

"आन पडला तर? वस्तीची मागणी म्हणून पडला तर?"

"पडू दे. पण हात मोजून पडू दे. किती जण बाजूनं होते हे एकदा सगळ्यांना दिसू दे. मागच्या वेळी आपण मोजलोच गेलो नाही, अण्णा."

मग ते म्हणाले, "लिही तू. पर मागणी लिहायला इसरू नगं." हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते भिंतीपाशी बसतील की पुढे, मला माहीत नाही. त्यांच्यावर माझा पूर्वीसारखा विश्वास नाही, हे त्यांना फोनवर सांगायचं राहून गेलं. हे छापून आल्यावर ते वाचतीलच. छापलेलं ते सगळं वाचतात.

तर अण्णा, आणि हे वाचणारे तुम्ही, ही मागणी.

सभा संपल्यावर कोणाच्या घरी जाऊन, सायकल आडवी घालून, "मी तुमच्याच बाजूनं होतो" असं सांगू नका. त्या वाक्याचा उपयोग संपलेला असतो. पुढच्या वेळी तुमच्यासमोर एखादा विषय येईल, तुम्हाला मनातून पटलेला. कोणी तरी म्हणेल, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. तेव्हा मान वळवू नका. आबांकडे नको, भिंतीकडे नको, आईकडे नको. आधी हात वर करा, आणि असा अर्धवट कानापर्यंत नाही, कोपर सरळ होईपर्यंत. तुमच्या मागे कोणीतरी दोन्ही हात एकात एक अडकवून बसलेली असेल. तिला तो दिसला पाहिजे.